राजाचा कोंडा घोड्यांना

एका राजाच्या पोटात एक गाव होतं. गावकरी इतके बारीक, की राजाला त्यांचा पत्ताच नव्हता. राजा भाजी-भाकरी खाई, आणि त्यातला कोंडा नि देठ हे गावकऱ्यांचं जेवण. तेवढ्यावर ते मजेत होते.

गावाच्या मागच्या अंगाला दोन बहिणी राहत. वैद्य त्यांना मूत्रपिंडं म्हणतात. राजाचं रक्त गाळायचं काम त्यांचं. गावातली घाण रक्तात उतरली, की तीही त्यांनीच निस्तरायची.

पुढे राज्य वाढलं आणि राजाला मोठेपणाची हौस आली. "कोंडा घोड्यांना घाला," तो म्हणाला. ताटात आता नुसतं मांस आणि दोनदा चाळलेल्या पिठाची पोळी.

गावकरी उपाशी पडले. करतात काय बिचारे, उरलंसुरलं मांसच कुजवून खाऊ लागले. त्याचं विष रक्तात उतरलं. राजाचे पाय सुजले. गाळून गाळून धाकटी बहीण एक दिवस मटकन खालीच बसली.

थोरली वेशीवर आली. "विष सोडायचं थांबवा हो. माझी बहीण आता फार दिवस काढायची नाही."

गावची म्हातारी पाटलीण ओशाळली. "बाई, घरात कोंड्याचा कण नाही. पोटाला मिळालं तर विष कशाला करू?"

"मग राजाला सांगा. सगळे मिळून बोललात तर ऐकेल."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात राजाच्या पोटात असा गुडगुडाट झाला, की परदेशचा वकील बोलता बोलता थांबला. राजा लाजून लाल झाला.

राजाला लहानपणी भरवणारी आचारीण मागे उभी होती. ती म्हणाली, "महाराज, तुमचे पाय सुजलेत आणि घोडे तुकतुकीत झालेत. तुमच्या वाटणीचं ते खाताहेत."

सगळा दरबार राजाकडे बघू लागला. एवढ्या पाहुण्यांसमोर कोंड्याची भाकरी मागायची म्हणजे मोठेपणा गेलाच. राजानं सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आण बाई. देठाची भाजीही आण."

गावात पुन्हा चुली पेटल्या. विष हळूहळू आटलं. धाकटी उठून कामाला लागली, आणि थोरलीनं कित्येक दिवसांनी निवांत पाय पसरले. घोडे तेवढे थोडे रुसले.

तात्पर्य: पोटात राहणाऱ्यांना उपाशी ठेवलं, की शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते. म्हणून त्यांच्या वाटणीचं त्यांना आधी वाढावं.