अडून बसलेला बोल्ट

एकदा एका तालुक्याच्या गावी, ऐन वैशाखात, पाणीपुरवठ्याचा मोठा पंप बंद पडला. टाकीत संध्याकाळपर्यंत पुरेल इतकेच पाणी होते आणि गावचे रुग्णालयही त्याच टाकीवर अवलंबून होते. दुरुस्तीसाठी नागेशअप्पा नावाच्या वृद्ध फिटरला बोलावणे गेले. अवजड यंत्रे खोलण्या-जोडण्यात अप्पांचे आयुष्य गेले होते. आता ते स्वतः फारसे काम करीत नसत. आपला शिष्य मल्हारी याला करू देत आणि शेजारी बसून पाहत.

मल्हारी तिशीचा, अंगाने दणकट, कामाला वाघ. त्याने विजेवर फिरणाऱ्या इम्पॅक्ट गनला बोल्टच्या खाचेत बसणारे षटकोनी टोक, म्हणजे बिट, लावले आणि पंपाच्या बिडाच्या झाकणावरचे बोल्ट भराभर सोडवले. एक मात्र हलेना. बोल्टच्या डोक्यातल्या खाचेत बिट शिरत होते. पण गन चालू झाली की कर्रकन घसरत होते. मल्हारीने अंगाचा सगळा भार टाकला. बिट पुन्हा घसरले आणि खाचेतून लोखंडाचा चकचकीत कीस बाहेर आला.

"अडूनच बसलाय हा!" तो चिडून सोबतच्या कारागिराला म्हणाला. "दस्तगीर, ग्राइंडर आण. डोकंच उडवतो याचं."

"आणि झाकणाला इजा झाली म्हणजे?" दस्तगीर म्हणाला. "नवीन झाकण ओतून येईपर्यंत गावानं काय करायचं?"

"मग तूच सांग ना! तिकडे दवाखान्यात माणसं आहेत."

तेव्हा अप्पा उठले. त्यांनी मल्हारीच्या हातातली गन काढून बाजूला ठेवली, बोल्टसमोर मांडी घातली आणि पिशवीतून पोती शिवायचा दाभण काढून ते खाच कोरू लागले. अगदी सावकाश, कानातला मळ काढावा तसे.

"अप्पा, वेळ नाही हो आपल्याकडे," मल्हारी काकुळतीने म्हणाला.

अप्पांनी मान वर केली नाही. खाचेतून वाळलेल्या रंगाच्या खपल्या निघत राहिल्या. शेवटी त्यांनी फुंकर मारली आणि बॅटरी मल्हारीच्या हाती दिली.

"बघ बरं आत."

मल्हारी वाकला आणि पाहतच राहिला. खाच षटकोनी नव्हतीच. सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखी होती. मागे कधीतरी एक बोल्ट बदलताना कुणीतरी हा निराळा बसवला होता. पुढे त्यावर रंगाचे थर चढले, पाकळ्या बुजल्या आणि तो इतरांसारखाच दिसू लागला.

अप्पांनी चांदणीच्या आकाराची बिटे मागवली. एक सैल पडले, एक आत जाईना. तिसरे हलक्या ठोक्यासरशी तळापर्यंत बसले. त्यांनी मल्हारीचे बोट त्यावर ठेवले. बिट जराही डगमगत नव्हते. मग गंज सोडवणारे तेल घालून थोडा वेळ जाऊ दिला आणि लांब दांडा शिष्याच्या हाती दिला.

"सरळ दाब ठेव. सावकाश."

बोल्ट कुरकुरला आणि फिरला.

मल्हारी घाम पुसत खाली बसला. "अप्पा, मघाशी मी याच्या दुप्पट जोर लावला होता."

"लावला होतास. पण तो गेला कुठे?" अप्पा म्हणाले. "बिट सगळ्या अंगांनी टेकलं, तर जोर वाटला जातो आणि बोल्टला फिरवतो. अर्धवट टेकलं, तर तोच जोर त्याला ओरबाडतो. आणखी थोडा ओरबाडला असतास, तर हे बिटही बसलं नसतं. मग आपण म्हणालो असतो, बोल्टच वाईट होता. तुझ्या ताकदीत खोट नाही रे. तिला आधी नीट टेकू देत जा."

झाकण निघाले, फाटलेले पॅकिंग बदलले आणि उन्हे उतरायच्या आत पंपाची घरघर सुरू झाली. नळाला पाणी आल्याचा फोन रुग्णालयातून आला, तेव्हा दस्तगीरने आनंदाने आरोळी ठोकली. मल्हारी मात्र पंपघराच्या ओसरीवर जाऊन बसला. त्याने मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. अनेक दिवस बापाशी अबोला धरलेल्या आपल्या लेकीला तो म्हणाला, "बाळा, मी रागावणार नाही. तुझं काय म्हणणं आहे, ते आज मला सांग."

पलीकडे ती बोलू लागली.

आपण ज्याला अडेल म्हणतो, त्याला आपण नीट पाहिलेले असतेच असे नाही.