म्हसू नावाडी तंटा मंडळावर बसतो

धरणाच्या फुगवट्याकाठी वाकळदरा नावाचं एक गाव. त्या गावात म्हसू नावाचा एक भोळा नावाडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी "बस जरा" म्हणालं, की तो जरासा बसायचा आणि लगेच उठायचा. नाव मात्र अशी हाकायचा, की बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नसे.

त्याच सुमाराला सरकारने एक मंडळ सुधारायला काढलं. हे मंडळ जमिनीचे तंटे ऐकायचं. कुठल्या जमिनीवर घरं, कुठे कारखाना, कुठे बाग, असा आराखडा सरकार करतं. तो ज्याला पटत नाही, त्याने या मंडळापुढे जायचं. लोक जायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. निकाल लागेस्तोवर अर्जदाराची नातवंडं लग्नाला यायची. आणि सभासद तरी कसले? कुणाचा मेव्हणा बिल्डर, तर कुणाच्या सासऱ्याचे प्लॉट! म्हणून सरकारने दोन नवे नियम केले. एक, मंडळाने गावोगावी जाऊन बसायचं. दुसरा, एक सभासद असा घ्यायचा की ज्याच्या नावावर टीचभरही जमीन नाही.

वाकळदऱ्यात असा एकच माणूस निघाला. म्हसू नावेतच राहायचा, नावेतच जेवायचा. झालं, म्हसू सभासद! अध्यक्ष होत्या रेगेबाई, निवृत्त न्यायाधीश. तिसरे सभासद रजेवरच असत.

पहिलाच तंटा गोदूबाई कुंभारणीचा होता. पलीकडच्या काठावर पंधरा गुंठे जागा आव्यासाठी राखलेली होती. तिथे तीन पिढ्या तिच्या घरची मडकी भाजली जात होती. नव्या आराखड्यात ती जागा घरांसाठी दाखवली गेली आणि एका बिल्डरला मिळाली. गोदूबाई नऊ वर्षं तारखा घेत होती. आवा गेला की तिचं चाक थांबणार होतं, आणि मडकी करण्यावाचून तिला दुसरं काही येत नव्हतं.

मंडळ पंचायतीच्या खोलीत बसलं. रेगेबाईंनी म्हसूला आधीच बजावलं, "म्हसूभाऊ, जागा पाहिल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही."

"बरं बाईसाहेब," म्हसू म्हणाला, आणि तोंड मिटलं.

कारकुनाने वहीत लिहायला नाव विचारलं. म्हसू गप्प. चहा आला, कुणी साखर किती विचारलं. म्हसू गप्प. रेगेबाईंना वाटलं, माणसाला झटकाबिटका आला की काय! गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "आ करा."

म्हसूने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

दिवस त्याच्या तपासणीत गेला आणि गोदूबाईला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

रेगेबाई वैतागल्या. "अहो, असं काय करता! कुणी काही विचारलं की झटकन उत्तर द्यायचं."

"असं होय! बरं बाईसाहेब."

पुढच्या महिन्यात बिल्डरचे वकील उठले. घैसासवकील म्हणजे आवाज असा की खिडक्या थरथराव्यात. ते गोदूबाईकडे बोट दाखवून गरजले, "नऊ वर्षं अडवून बसलीय ही बाई! ही काय कुणाच्या बापाची जागा आहे?"

"नाही साहेब," म्हसू झटकन म्हणाला.

खोलीत हशा पिकला. घैसासवकील टाळी वाजवून ओरडले, "लिहून घ्या! खुद्द सभासदांनी मान्य केलंय!"

गोदूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हसूला फार वाईट वाटलं. आपण तर खरं तेच बोललो, मग गोदूआत्या रडली का, हे काही त्याला कळेना. ते वाक्य वहीतून खोडावं की खोडू नये यावर संध्याकाळपर्यंत वाद झाला, आणि पुन्हा तारीख पडली.

रेगेबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हसूभाऊ, एका बाजूने काही म्हटलं की दुसऱ्या बाजूला विचारायचं. त्याशिवाय काही म्हणजे काहीच करायचं नाही."

"आता पक्कं समजलं," म्हसू म्हणाला.

तिसऱ्या खेपेला उन्हाळा रणरणत होता. गोदूबाई चालत आली होती. तिला घेरी आल्यासारखं झालं. "म्हसू बाळा, घोटभर पाणी दे रे," ती म्हणाली.

म्हसूने तांब्या उचलला. मग त्याला आठवलं. तो वकिलांकडे वळला. "वकीलसाहेब, गोदूआत्या पाणी मागतेय. तुमचं काय म्हणणं?"

घैसासवकील कागदांत डोकं घालून बसले होते. सवयीने ते ताडकन उठले. "आमची हरकत आहे! आणि लेखी उत्तर द्यायला चार आठवड्यांची मुदत हवी!"

म्हसूने तांब्या खाली ठेवला.

शेवटी रेगेबाईंनीच उठून तिला पाणी पाजलं. मग त्या सगळ्यांवर कडाडल्या, "पुरे झाल्या तारखा! उद्या सकाळी जागेवर जायचं. मला ती जागा माझ्या डोळ्यांनी बघायचीय."

दुसऱ्या दिवशी म्हसूची नाव निघाली. नावेत रेगेबाई, गोदूबाई आणि छातीशी फायली धरलेले घैसासवकील. निम्मं पाणी कापलं आणि गोदूबाई किंचाळली. पलीकडच्या काठावर बिल्डरचा जेसीबी उभा होता, आणि त्याचा पंजा तिच्या आव्यावर उचललेला होता.

"बाई, माझा आवा गेला!"

रेगेबाई तशाच नावेत उभ्या राहिल्या. "वकीलसाहेब, फोन करा त्या जेसीबीवाल्याला, आत्ताच्या आत्ता! जैसे थे! निकाल लागेपर्यंत कुणीही काहीही हलवायचं नाही. जो हलवील त्याची गाठ माझ्याशी आहे!"

वकिलांनी फोन केला. पंजा वरच्या वर थांबला.

म्हसूने वल्ही आत घेतली, नांगर पाण्यात सोडला आणि हाताची घडी घालून बसला.

"चला, म्हसूभाऊ."

"कसं चलणार बाईसाहेब? हुकूम आहे."

"अहो, तो हुकूम जेसीबीला होता!"

"तुम्ही कुणीही म्हणालात. मी पण कुणीतरी आहेच की."

"बरं, मग मी हुकूम मागे घेते."

घैसासवकिलांचा चेहरा खुलला. "घ्या बाई, जरूर घ्या. मी ड्रायव्हरला तसं कळवतो."

रेगेबाईंनी जीभ चावली. हुकूम मागे घेतला तर आवा जातो, आणि नाही घेतला तर नाव हलत नाही! त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग म्हसूकडे पाहिलं, आणि फायलीची गाठ सोडली. "मंडळाचं कामकाज सुरू. बोला वकीलसाहेब."

"हरकत आहे! आम्हाला मुदत—" म्हणत वकील ताडकन उठले. नाव एकीकडे कलंडली. ते धपकन बसले. त्यांना पोहता येत नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा ते बसून बोलले, आणि बसल्यावर त्यांचं सगळं म्हणणं पाच मिनिटांत आटोपलं.

"घरांना गावात दुसरी जागाच नाही का?" रेगेबाईंनी विचारलं.

"आहे की, चार ठिकाणी आहे," टकलावरचा घाम पुसत वकील बोलून गेले. "पण इथून पाणी छान दिसतं."

रेगेबाई गोदूबाईकडे वळल्या. गोदूबाई एवढंच म्हणाली, "बाई, माती इथली, वारा इथला. मला दुसरं काही येत नाही."

नऊ वर्षांचा तंटा अर्ध्या तासात ऐकून झाला. रेगेबाईंनी मांडीवर कागद ठेवून निकाल लिहिला आणि खणखणीत आवाजात वाचला. "ही जागा आव्याचीच राहील. जेसीबी ताबडतोब बाहेर काढावा. आजपासून गोदूबाई आणि तिच्या घरची माणसं सोडून दुसऱ्या कुणीही या जागेत पाऊल टाकायचं नाही!"

म्हसूने आनंदाने नांगर ओढला आणि सपासप वल्ही मारली. वकिलांनी पुन्हा फोन लावला आणि जेसीबी घरघरत निघून गेला. नाव काठाला लागताच गोदूबाईने उडी मारली आणि धावत जाऊन आव्याला मिठी घातली. ती एकाच वेळी हसतही होती आणि रडतही होती. ते पाहून रेगेबाईंनाही गहिवरून आलं. त्यांनी पदर खोचला आणि उतरायला पाऊल उचललं.

म्हसूने बांबू रोवून नाव जोरात मागे ढकलली. रेगेबाई धपकन वकिलांच्या फायलींवर बसल्या.

"अहो म्हसूभाऊ, हे काय? मी जागा बघायला आलेय!"

"आता काय बघायचंय बाईसाहेब?" म्हसू नाव वळवत म्हणाला. "निकाल लागला की! आणि तुम्ही काही आत्याच्या घरच्या नाही."