तीन बादल्या थंड पाणी

एकदा एका वृद्ध तांबटाच्या शिष्याला आयुष्यातले पहिले स्वतंत्र काम मिळाले आणि त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. काम लहानसहान नव्हतेच. गावातला एक व्यापारी नवे घर बांधत होता. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुले, आला-गेला, असे तीस माणसांचे कुटुंब. न्हाणीघरेच सहा. चुलीवरून घंगाळ उचलून नेण्याचा व्याप व्यापाऱ्याला आता नको होता. तोटी फिरवली की प्रत्येक न्हाणीघरात ऊन पाणी आले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्यात त्याची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि दिवस भरत होते ते पौषात, म्हणजे ऐन कडाक्यात.

"माझे हात आता थकले. हे काम याला द्या," असे वृद्ध तांबट म्हणाला, आणि शिष्याच्या अंगात वारे भरले. काम साधले तर पंचक्रोशीत त्याचे नाव होणार होते. फसले, तर 'म्हाताऱ्याच्या हाताखालचा' हीच ओळख जन्मभर चिकटणार होती.

चार महिने त्याने तांब्याचा पत्रा ठोकला. बंब झाला तो दीड पुरुष उंचीचा, सोळा बादल्या पाणी पोटात घेणारा. पाहणाऱ्याला वर बघताना टोपी सांभाळावी लागे. व्यापारी इतका हरखला की, त्याने बंब थेट पुढच्या पडवीत बसवायला सांगितला. आल्यागेल्याला दिसला पाहिजे ना. तिथून नळ निघाले ते भिंतींच्या कडेने घरभर फिरले. नळही मनगटाएवढे जाड, कारण मोठ्या घरातल्या पाण्याला वाटही मोठी हवी, असे शिष्याचे शास्त्र होते. आता नळांवर फरशी बसायला चार दिवस राहिले होते.

अशा वेळी एका थंड सकाळी वृद्ध तांबट काम पाहायला आला. शिष्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. जाळ कसा लागतो, वरच्या हौदातून पाणी कसे उतरते, बंब किती लवकर तापतो, सांगू तितके थोडेच. वृद्धाने पेटलेल्या बंबाजवळ हात धरून धग पाहिली आणि विचारले, "यातलं सगळ्यात लांबचं न्हाणीघर कुठलं?"

"मागचं, बाबा. बाळंतिणीच्या खोलीला लागून आहे ते. तिला शांतता हवी म्हणून मुद्दाम कोपऱ्यात घेतलंय."

"चल तिथे."

तिथे गेल्यावर वृद्ध म्हणाला, "सदरा काढ आणि पाटावर बस." आपल्या नळाचे पहिले स्नान आपल्यालाच, गुरूच्या हातून, असे मनात येऊन शिष्याचा ऊर भरून आला. तो डोळे मिटून, हात जोडून बसला. वृद्धाने बाहेरच्या पिंपातून गार पाण्याचा तांब्या भरून आणला आणि सबंध त्याच्या डोक्यावर उपडा केला.

"बाबा, हे काय?"

"आता तोटी सोड. ऊन पाणी आलं की अंगावर घे. तोवर उठायचं नाही."

तोटीतून पाणी धो धो आले, पण गार. पहिली बादली भरली, तीही गार. शिष्याने गुडघे पोटाशी घेतले. दुसरी भरली तेव्हा त्याचे दात वाजू लागले होते, आणि वृद्ध उंबऱ्यावर बसून निवांतपणे पाहत होता. तिसरी भरली. चौथीत पाणी कुठे कोमट झाले.

मग वृद्ध बोलला. "पाणी किती तापलं हे बंबापाशी उभं राहून कळतं. किती पोचलं, हे इथे बसल्यावरच कळतं. तू आखणी जाळापासून सुरू केलीस. ती ओल्या अंगापासून सुरू करावी आणि मागे जाळाकडे यावं. तुझ्या या जाड, लांब नळात तीन बादल्या पाणी मावतं. ते निवून पडलेलं असणार, ते आधी वाहून जाणार. अंघोळ झाली की तेवढंच तापलेलं पाणी पुन्हा आत राहून निवणार. मग लाकूड कशाला जाळायचं, नळाला ऊब द्यायला? आणि पौषात या पाटावर तू नसशील. बाळंतीण असेल, तिचं पोर असेल."

शिष्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण घटकाभरच, कारण तेवढ्यात त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजाडले. तो ओलाच उठला आणि भिजल्या बोटाने भिंतीवर रेघा ओढू लागला.

"दोन बंब, बाबा! एक पुढच्या चार न्हाणीघरांच्या मधोमध, एक मागच्या या दोन न्हाणीघरांच्या भिंतीपाठी. नळ बोटाएवढे, आखूड. वरून काथ्या गुंडाळायचा, म्हणजे ऊब आतच राहील. ज्या बाजूला माणसं नाहीत, तिथला जाळ लावायचाच नाही!"

"आणि दुसऱ्या बंबाला तांबं?"

शिष्याचे बोट भिंतीवरच थबकले. चार महिन्यांची मेहनत पडवीत झळकत उभी होती. "तोच कापायचा," तो म्हणाला, आणि वृद्ध उठायच्या आत अंगावर सदराही न घालता व्यापाऱ्याकडे पळाला.

व्यापारी भडकला. "अख्ख्या बाजाराला सांगून बसलोय मी! वास्तुशांतीला लोक तो बंब बघायला येणार, आणि तू तो कापतोस?"

"शेठजी, चुकलं माझंच. तो दिसायला चांगला आहे, पण मागच्या न्हाणीघरात त्याची धग पोचत नाही. मी आत्ता तिथे बसून आलोय."

व्यापाऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिले. केसांतून पाणी गळत होते, ओठ निळे पडले होते, आणि तरी स्वारी हसत होती. त्याने मागून आलेल्या वृद्धाला विचारले, "तुमचं काय मत?"

"बंब त्याचा, नळही त्याचे. मी फक्त तांब्याभर पाणी ओतलं."

व्यापाऱ्याने मागच्या कोपऱ्यातल्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाला, "काप. माझी लेक यायच्या आत उरक मात्र."

त्याच दुपारी शिष्याने आपल्या बंबावर पहिली छिन्नी ठेवली. हात जड होईल असे त्याला वाटले होते. झाला नाही. उलट पुढची आखणी डोक्यात अशी धावत होती की, हातच मागे पडत होता.

पौषात लेक बाळंत झाली, मुलगी झाली. बाळाच्या पहिल्या न्हाणाच्या दिवशी शिष्य लाकडे रचायच्या निमित्ताने मागच्या अंगणात घुटमळत होता. सोबत वृद्धही होता. आत सुईण नेहमीप्रमाणे प्रत्येक गोष्टीला नावे ठेवत होती. तेल पातळ आहे, दुपटे जाडेभरडे आहे. मग तोटी फिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचे करवादणे.

"अगं बाई, केवढं कढत हे! बाळाला भाजायचंय का? कोणी तरी विसण आणा आधी!"

आतली एक बाई विसणाचे गार पाणी घेऊन धावली. वृद्धाने शिष्याकडे पाहिले.

"तक्रार आली तुझ्या कामाची," तो म्हणाला.

"हो, बाबा," शिष्य म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.