भागुजीच्या घरची वावडी

एका गावात एक भोळा भागुजी होता. तोंडावर गाव त्याला भोळाच म्हणायचं. पाठीमागचा शब्द वेगळा होता.

घरात माणसं चार आणि वावडी तीन. आईनं वांगं खाल्लं की तिचे ओठ सुजायचे. मुलीनं, म्हणजे शेवंतानं, शेंगदाणा खाल्ला की तिचा घसा आवळायचा. एकदा तर तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बायको हौसाला दूध सोसायचं नाही. गरिबाघरी वावडीसुद्धा स्वस्त वस्तूंचीच निघतात. काजू-बदामाचं वावडं कुणालाच नव्हतं. ते घरात कधी आलेच नाहीत, तर कळणार कसं? त्यातल्या त्यात दुधाचं वावडं तेवढं घराला परवडत होतं.

हौसा कसंबसं भागवायची. दाण्याच्या कुटाऐवजी कारळाची चटणी, वांग्याऐवजी दोडका, चहा कोरा. पण तिला कांद्याच्या चाळीवर काम मिळालं आणि चूल भागुजीच्या हातात आली. भागुजी घरीच असायचा. त्याला एकदा कामावर ठेवणारा दुसऱ्यांदा ठेवत नसे.

पहिल्या दिवशी जाताना हौसा म्हणाली, "शेवंताच्या नजरेलासुद्धा शेंगदाणा पडू देऊ नका."

दुपारी शेजारणीनं वाटीभर दाण्याची चटणी दिली. फुकटची चटणी टाकवते का? भागुजीनं ती ताटात वाढली, शेवंताला बसवलं आणि तिच्या डोळ्यांना फडकं बांधलं.

"आबा, हे काय?"

"गप जेव. नजरेला पडायचा नाही."

नशीब, नाक उघडं होतं. वास येताच शेवंतानं ताट ढकललं.

संध्याकाळी हे ऐकून हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, ज्याचा त्रास होतो ते घराबाहेर काढायचं असतं!"

"मग असं सांगायचं ना आधी."

दुसऱ्या दिवशी आईनं सकाळपासून तोंड सुरू केलं. चहा पांचट, भाकरी कडक, आणि भागू बापापेक्षाही वरचढ. दुपारपर्यंत भागुजीचं डोकं ठणकायला लागलं. हौसा परतली तेव्हा सासू अंगणात होती. खाटेसकट, गोधडीसकट. निम्मी गल्ली बघायला जमली होती.

"त्रास होत होता," भागुजी म्हणाला. "बाहेर काढला."

"मेल्या, नऊ महिने मी तुला आत ठेवला!" आई ओरडली.

"उद्यापासून आपल्या मनानं काहीही करायचं नाही," हौसा म्हणाली. "बाजारातून काही आणलंत तर वाचून आणा. कशात काय घातलंय ते वर लिहिलेलं असतं."

तिसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. भागुजी गेला, सगळा बाजार फिरला आणि अगरबत्तीचा एक पुडा घेऊन आला.

"भाजी कुठाय?"

"दोडक्यावर काही लिहिलेलं नव्हतं. भोपळ्यावरही नाही. भाजीवाल्याला म्हटलं, यात काय घातलंय ते लिहून दे. त्यानं शिव्या घातल्या, पण लिहून काही दिल्या नाहीत. या पुड्यावर मात्र सगळं लिहिलेलं आहे."

त्या दिवशी घरानं मिठाशी भाकरी खाल्ली. वास मोगऱ्याचा होता.

हौसा आता चिडलीसुद्धा नाही. दमली होती. "अहो, लिहिलेलं नसेल तर विचारावं. माणसाला तोंड दिलंय देवानं. तुम्हाला काय चालत नाही, असं विचारायचं. आणि ज्याला जे चालत नाही, ते त्याच्या वाट्याला कणभरही जाऊ द्यायचं नाही."

हे मात्र भागुजीला पक्कं समजलं.

रविवारी शेवंताला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील पिराजीराव. मुलाला शेवंतानं एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाकरी थापताना उगाचच हसायची. हौसानं घर सजवलं होतं. म्हणजे जे जे उसनं मिळालं ते सगळं आणलं होतं. बशा भरून तिनं बाहेर दिल्या आणि ती चहा गाळायला आत गेली.

पिराजीराव पहिला घास उचलणार, तोच भागुजीनं विचारलं, "पाव्हणं, तुम्हाला काय चालत नाही?"

पिराजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आम्हाला सगळं चालतं. फक्त एक. खोटं चालत नाही. खोट्याचा कणसुद्धा सोसत नाही आम्हाला."

भागुजीनं घरभर नजर फिरवली. घर तर खोट्यानं भरलेलं! त्यानं पाहुण्यांच्या हातातली बशी हिसकावली.

"खाऊ नका! शिरा साजूक तुपातला म्हणून सांगितलाय, पण तो वनस्पती तुपातला आहे."

"असू द्या हो."

"उठा, उठा! खुर्ची शेजारची आहे. लागलं तर नाही ना काही?"

आतून हौसा खोकली. भागुजीला वाटलं, तिलाही खोटं बाधलं.

"बशा मास्तरांच्या. शेवंताची साडी कासाराच्या सुनेची. बारावी पास सांगितलंय, पण इंग्रजी राहिलंय."

शेवंता चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली. मुलगा तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "माझंपण राहिलं होतं." शेवंताच्या ओठांवर हसू येऊ लागलं.

पिराजीरावही मोठ्या मनानं हसले. "चालायचंच. गरिबाघरी असं होतं."

लग्न इथे जमलं होतं. भागुजीनं गप्प बसायचं तेवढं बाकी होतं.

"एक कण राहिला," तो म्हणाला. "तुम्हाला नमस्कार करून 'तुमच्यासारखा देवमाणूस नाही' असं म्हणाली ना हौसा? तेही खोटं. आत येऊन म्हणाली, पोरगा सोन्यासारखा आहे, पण सासरा बढाईखोर बैल आहे."

पिराजीरावांचा चेहरा लाल झाला. गाल फुगले. ते ताडकन उठले आणि बायको-मुलाला ओढत बाहेर पडले. मुलगा दोनदा मागे वळून पाहत होता.

भागुजीला राहवेना. माणूस मरायला नको. तो पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावला आणि भर चावडीसमोर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"पाव्हणं, थांबा! तोंड सुजलंय तुमचं! खोटं तुम्हाला छान पचत होतं हो, वावडं तर खऱ्याचं निघालं!"