येमाजीची हाक

जरा सावलीत या. उन्हात उभे राहून हे झाड नीट दिसत नाही. ही गोरखचिंच. चौदा जणांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पुरा पडत नाही. पाटीवर वय चारशे वर्षे लिहिले आहे. मोजायला कोण गेले होते, देव जाणे. बुंधा आतून पोकळ आहे. वाकून बघा, पण आत शिरून फोटो काढू नका, मला राग येतो. त्या पोकळीत एकदा अकरा मुलांचा जीव टांगणीला लागला होता.

तेव्हा ही कसब्याच्या देशमुखांची बाग होती आणि येमाजी माळी ती राखत असे. घरात तो आणि बायको सगुणा, दोघेच. पोटी मूल नव्हते. चैत्रातल्या एका दुपारी पेंढारी आल्याची ओरड झाली. गाव लांबच्या शिवारात कापणीला गेले होते. मागे होती ती म्हातारी आणि लहान मुले. येमाजीने हाताला लागली ती अकरा मुले उचलली, सगुणेबरोबर या बुंध्यात कोंबली आणि तोंडावर बाभळीच्या काट्या रचल्या.

"मी हाक मारल्याबिगर भाईर येऊ नगंस," एवढेच तो म्हणाला.

पेंढाऱ्यांना मुलेच हवी होती म्हणे, परमुलखात विकायला. त्यांनी येमाजीला विहिरीपाशी धरले. मार मार मारले, पण तो बोलेना. बाग मोठी, झाडे शेकडो, आणि मागावर फौज असल्याने पेंढाऱ्यांना थांबायला वेळ नव्हता. शेवटी खोपटापाशी वाळत घातलेले लुगडे पाहून मुले बायकोजवळ लपली असणार हे त्यांच्या नाईकाने ताडले. तो म्हणाला, "बायकोला हाक मार. आम्ही गेलो म्हणून सांग. नाही मारलीस, तर बाग पेटवतो."

खाली घोटाभर वाळला पाचोळा होता. हाक नाही मारली तर मुले जळणार, मारली तर धरली जाणार. मानेवर तलवार, आणि विचार करायला एका श्वासाचा वेळ. असे सांगतात, की येमाजीने डोळे मिटले आणि तो ओरडला, "सगुणाऽ! गेले समदे. ये भाईर!"

बुंध्यात एक पोरगी कुजबुजली, "काकी, काका बोलावत्यात."

सगुणेने तिच्या तोंडावर हात दाबला. "आवाज त्यांचाच हाय. पर बोलणं त्यांचं न्हाई."

तुम्हा आजच्या मंडळींना हे सांगावे लागते. त्या काळी नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. चारचौघांत तर नाहीच. बारा वर्षांच्या संसारात सगुणा त्याच्यासाठी नुसती 'अगं ए' होती. परमुलखातल्या पेंढाऱ्यांना हे काय ठाऊक?

त्याने तीनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी आवाज फाटला होता. ती ऐकत होती. एका शब्दाचे अंतर होते, पण तिने ओ दिली नाही. अकरा मुलांना छातीशी ओढून ती दातावर दात धरून बसली. बागेत कोणी नाही, असे नाईकाला वाटले. तेवढ्यात फौज आल्याची बातमी आली. जाता जाता त्याने येमाजीवर वार केला आणि टोळी निघून गेली.

गावकरी परतले, त्यांनी काट्या ओढल्या. अकराच्या अकरा मुले जिवंत निघाली. सगुणा सरळ विहिरीकडे गेली. येमाजीत तेव्हा धुगधुगी होती असे कोणी म्हणतात, नव्हती असेही म्हणतात. मला विचाराल तर असावी असे वाटते. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले, कानाशी वाकली आणि म्हणाली, "ओ."

आजही आमच्या गावात लग्न लागले की वऱ्हाड आधी या बागेत येते. नवरी झाडापाशी थांबते, नवरदेव विहिरीपाशी जाऊन तिला नावाने हाक मारतो. वाजंत्री थांबलेली असते, पोरेसोरे सुद्धा गप्प. आणि कितीही लाजरी नवरी असो, ओ द्यायला ती क्षणाचाही उशीर करत नाही.