भरल्या पिशवीचं माप

सरदार तुळाजीरावांना आठ दिवस डोंगरातून पायी हिंडायचं होतं, आणि ओझं वाहायला एकटा म्हातारा राणू. त्यांनी येसू जिनगराला फर्मावलं, "पाठीवरची पिशवी शिव. वजनाला हलकी हवी, पण मला लागेल ते सगळं तीत मावलं पाहिजे. नाही मावलं, तर तुझं दुकान गावातून उठलंच समज."

येसू पिशवी घेऊन आला, तर समोर हुक्का, चांदीचं ताट, पाच पगड्या असा ढीग. राणूची वाकलेली पाठ त्याने पाहिली आणि म्हणाला, "सरकार, जिनाचं माप घोड्यावर घेतात, तसं पट्ट्यांचं माप भरल्या पिशवीनं घेतात. जरा पाठीवर घ्या. मी भरतो, आपण अंगणात चाला."

दुसऱ्याच फेरीला सरदार म्हणाले, "हुक्का राहू दे." मग ताट गेलं, पगड्या गेल्या. शेवटी दोन धोतरं, घोंगडी आणि तांब्या उरला. पिशवीत जागा शिल्लक राहिली.

"आता बसली," सरदार म्हणाले आणि एकदम थबकले. "पण पिशवी तर राणू वाहणार. माप माझ्या पाठीवर कशाला?"

येसूने हात जोडले. "आपल्याला किती लागतं, ते राणूच्या पाठीवर कसं कळणार, सरकार?"