हत्तीची झूल आणि आरोग्यशाळा

पूर्वी अरिष्टपुरात राजा मघदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा आरोग्यामात्य होता. त्या नगरातले वैद्य नाडीच्या आधी रोग्याच्या कानातल्या बाळ्या तपासत. बाळ्या सोन्याच्या असल्या तर रोग साध्य, पितळेच्या असल्या तर असाध्य. हे शास्त्र बोधिसत्त्वाला मानवेना. राजाच्या मागे लागून त्याने गरिबांसाठी फुकट औषधांची आरोग्यशाळा बांधवली, वैद्य नेमले, काढ्यांची मडकी भरून ठेवली.

आणि दाराला कुलूप लागले.

त्या राज्याचा रिवाजच असा, की राजाने हत्तीवरून येऊन कवाड उघडल्याखेरीज कोणतीही नवी सरकारी वास्तू वापरायची नाही. राजा तयार होता, हत्तीही तयार होता; हत्तीची नवी झूल तेवढी विणून व्हायची होती. तोवर वैद्य ओसरीवर सोंगट्या खेळत आणि पायरीवर माणसे कण्हत.

एके सकाळी चुंदी नावाची बुरुडीण तापाने फणफणलेली लेक खांद्यावर टाकून आली. दाराला तोरण बांधून घेणारा उत्सवामात्य पिंगल तिला म्हणाला, "बाई, जरा कळ काढ. झुलीला फक्त गोंडे राहिलेत."

"मी काढीन हो कळ," चुंदी म्हणाली. "तापाला तेवढं तुम्ही समजावून सांगा."

बोधिसत्त्व हे ऐकत होता. आदल्याच दिवशी त्या पायरीवर एक म्हातारा वाट पाहता पाहता मरून गेला होता, आणि पिंगलाने त्या जागी रांगोळी घालून घेतली होती. ती रांगोळी दिसताच बोधिसत्त्वाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने दगड उचलला आणि कुलूप फोडले.

दुपारी राजा तणतणत आला. घाईत हत्ती राहूनच गेला होता. पिंगलाने वाटेत कान भरलेलेच होते.

"अमात्य, कुणाला विचारून उघडलंत?"

"तापाला विचारून, महाराज. शिक्षा भोगायला मी उभा आहे."

"शिक्षेचं मागून बघू," पिंगल मध्येच म्हणाला. "आधी रोगी बाहेर काढू, कवाड लावू. झूल आली की विधिवत उघडू."

"काढा," बोधिसत्त्व म्हणाला. "पण रिवाज पाळायचा तर पुरता पाळा. कवाड उघडण्याचा अधिकार राजाचा, तर लावण्याचाही राजाचाच. महाराजांनी ते स्वतःच्या हाताने लावावे."

राजाने तावातावाने कवाड धरले. आत दाराजवळच्या खाटेवर चुंदी लेकीच्या कपाळावर ओली पट्टी धरून बसली होती. हत्तीशिवाय राजा तिला ओळखू आला नाही.

"लावायचं तर हळू लावा, दादा," ती पुटपुटली. "पोरीचा आत्ताच डोळा लागलाय."

राजाने कवाड सोडले. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पिंगल, ही कवाडे बिजागऱ्यांतून उतरव. आवाज होऊ देऊ नकोस."

पुढे झूल आली, तेव्हा तिची रोग्यांसाठी पांघरुणे शिवली. हत्तीने तक्रार केली नाही.

दानात आलेली औषधे दात्याची मिरवणूक येईपर्यंत कोठीत कोंडून ठेवणाऱ्या एका भिक्षूला समोर बसवून शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, जेतवन विहारात ही कथा सांगितली. मग तो म्हणाला, "तेव्हाचा पिंगल म्हणजे तूच, जन्म बदलला, खोड राहिली. राजा म्हणजे आपला भिक्षू आनंद, चुंदी म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि तो आरोग्यामात्य मी."

भिक्षूने कोठीची किल्ली पुढे ठेवली.

"करुणा म्हणतात ती हीच," शास्ता म्हणाला. "ती गोंड्यांसाठी थांबत नाही."